भिंतीवरचे पाने

पप्पांनी लाल रंगानं
प्रत्येक अवजाराभोवती भिंतीवर रेघ ओढून ठेवलेली.
पाना उचलला की मागे त्याची आकृती राही,
आणि संध्याकाळी एक जरी आकृती उघडी दिसली
तरी जेवायला कोणी बसायचं नाही.

आता पडवी माझी. इंजिनही माझंच.
तीन सिलिंडरचं, एकोणसाठ सालचं,
मच्छीमार सोसायटीच्या ट्रॅक्टरचं,
ज्यानं मनोरीच्या वाळूवर चाळीस वर्षं होड्या ओढल्या
आणि मग खाऱ्या वाऱ्यानं जाम होऊन
नारळाखाली, कोंबड्यांना बसायला पत्रा दिला.
सोसायटीनं भंगारात काढला तेव्हा
मी म्हटलं, किलोचा भाव मी देते.

काय काय लागतं?
आधी इंची पाने.
नऊ सोळांशच्या नटावर पंधराचा पाना
बसल्यासारखा वाटतो,
जोर लावला की कोपरे खातो.
पाऊण इंचीला मात्र एकोणीसचा चालतो,
कुठेतरी जुळतं म्हणायचं.
नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. शेवटी
एका बोहऱ्याच्या पोटमाळ्यावर
तेलकट कागदात गुंडाळलेला सेट निघाला.
"बाई, हे आता कोण नेतं?"
मी घासाघीस केली नाही. घरी हे सांगितलं नाही.

चेन कप्पी. आंब्याच्या फांदीला नको, तुळईला बांध.
(हे मी आधी फांदीला बांधून शिकले.)
अंड्यांचे ट्रे, नटबोल्ट क्रमानं ठेवायला.
जुनी बनियनं. रॉकेल मिळत नाही, डिझेल घे.
जाम पिस्टनवर ओतलेलं तेल
आठवडाभर तसंच तळं होऊन राहतं,
नवव्या दिवशी, कोणी बघत नसताना, उतरतं.

फीलर गेज: पंख्यासारखी उघडणारी पोलादी पानं.
बारा थाऊचं पान फटीतून जाताना
घासलं पाहिजे, अडता कामा नये.
ही पानं बोटांनीच वाचायची.

रिंगा दाबायला डालड्याच्या डब्याची पट्टी.
व्हॉल्व्ह घासायला काठी, टोकाला रबरी वाटी,
दोन तळव्यांत धरून घुसळायची, रवीसारखी.
मला नाही जमलं. मम्मीला जमलं.
सत्तर वर्षांची बाई स्टुलावर बसून
सहा व्हॉल्व्ह एका दुपारी घुसळत होती,
आणि काठावर राखाडी कडं उमटलं तशी म्हणाली,
"आलं बघ लोणी."

एक आकृती मात्र रिकामीच.
लांब दांडा, लहानसं डोकं, मुठीजवळ अर्धचंद्र.
मला वाटे हरवलं. वाटे कोणी पळवलं.
बाजारात दिसेल तो दांडा
मी मनातल्या मनात त्या रेघेत ठेवून पाही.

कायतान अंकल कोंबडी शोधत आले.
भिंतीकडे बघून म्हणाले,
"टॉर्क पाना तो, काट्याचा. दुमिंगनं डॉकमधून आणलेला,
दोन दिवसांसाठी. सोमवारी पहिल्या फेरीनं परत दिला."
मग रेघ कशाला?
अंकलनी खांदे उडवले.
कोंबडी ड्रमामागे सापडली. ते गेले.

मीही मालाडच्या गॅरेजमधून आणलाय,
दोनच दिवसांसाठी, टक् वाजणारा.
हेडचे नट मधून बाहेर,
आधी तीस, मग पंचावन्न.
टक् झालं की थांबायचं.
हातात जोर उरलेला असतो. तरी थांबायचं.

शेवटचा टक् रात्री साडेअकराला.
इंजिन अजून चालू केलेलं नाही, इंजेक्टर यायचेत.
पाना पुसला. त्या जुन्या खिळ्याला टांगून पाहिला.
चार बोटं आखूड पडला,
आणि चंद्राची जागा मोकळीच राहिली.

सकाळी मार्व्याच्या पहिल्या फेरीआधी
मम्मीच्या नेलपॉलिशनं
त्याच्याभोवती एक रेघ ओढली,
पप्पांच्या रेघेच्या आत.